मुनीरनं न घेतलेली शपथ

मुनीर गेल्याची बातमी आली तेव्हा मी ती खरी मानली नाही. कारण अशीच बातमी त्याआधीही एकदा आली होती. त्या वेळी मी घाईघाईनं पांढरा सदरा अंगात अडकवून शहागंजात पोचलो, तर हा गडी घराच्या ओट्यावर बसून चहात पाव बुडवून खात होता. माझा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. "बसा वकीलसाहेब," म्हणाला, "मय्यत जरा लांबलीय." त्यामुळं गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा, सलमाचा, फोन आला आणि ती "काका, अब्बा गेले" म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, "तुला कुणी सांगितलं?" बापाच्या उशाशी बसलेल्या लेकीला मी हे विचारलं! जन्मभर कोर्टात उलटतपासणी करत आलेल्या माणसाची जीभ, दुसरं काय... सलमा रडता रडता हसली. "मीच सांगतेय ना, काका."

आठवड्यानं शोकसभा झाली. मुनीर अहमद हा आमच्या औरंगाबादचा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू होता असं प्रत्येक जण उठून सांगत होता. एकानं सांगितलं, त्यानं अर्ध्या मैदानावरून गोल मारला होता. दुसरा म्हणाला, देशाच्या संघाचं बोलावणं त्यानं आईसाठी नाकारलं. तिसऱ्यानं तर त्याच्या लाथेनं गोलपोस्टचं लाकूड फुटल्याचं सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी त्याच्या शेजारी, डाव्या हाफच्या जागेवर, कित्येक मोसम खेळलो. मुनीरनं गोल मारलेला मला आठवत नाही. एकही नाही. तरीसुद्धा तो मोठा होता, फार मोठा होता, आणि का होता हे त्या सभेत कुणालाच सांगता आलं नाही. मलाही ते उशिराच समजलं.

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं होती. पैठणजवळच्या आमच्या गावातून मी शिकायला औरंगाबादला आलो होतो. रझाकारांच्या काळात माझ्या काकांचं घर जळलं होतं आणि त्या राखेचा वास माझ्या नाकातून गेलेला नव्हता. मुनीरचे वडील आधीच्या राजवटीत कचेरीत कारकून होते. राजवट गेली तशी नोकरी गेली. त्याच्या मामाच्या गावात पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते मुनीर कधीच बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. शहरात तेव्हा माणसं एकमेकांना सलाम-रामराम करायची, खुशाली विचारायची आणि पाठ वळली की त्या पाठीकडं बघत राहायची. कोण कुणाकडं जातो, कुणाचा भाऊ कुठं आहे, कुणाकडं हैदराबादहून पाहुणा आला... सगळ्यावर सगळ्यांची नजर असायची. अशा दिवसांत शहागंजातले कापडवाले दामूअण्णा यांनी फुटबॉलचा संघ उभा केला. हिंदू, मुसलमान, छावणीतले दोन ख्रिस्ती, असे सगळे त्यात होते. अण्णा म्हणायचे, "बॉल गोल हाय, त्याला जात कुठून चिकटणार?" त्यांचा बॉलवर विश्वास होता. खेळणाऱ्यांवर किती होता, ते पुढं दिसलं.

मुनीर हिमरूच्या, म्हणजे रेशमी नक्षीच्या कापडाच्या, कारखान्यात मागावर बसायचा आणि संध्याकाळी आमखास मैदानावर यायचा. लांब हातांचा, किडकिडीत. पळायला सुद्धा आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा सावकाश. त्याची जागा सेंटर हाफची. म्हणजे मैदानाच्या मधोमध उभं राहून समोरचा हल्ला थोपवायचा आणि आपल्या पुढच्यांना बॉल पुरवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस खेळतच नाही. नुसता चालतोय. सारखा मान वळवून मागं बघतोय, आणि तोंडानं पुटपुटतोय, "पाटील, दोन पावलं आत. पाटील, थांब. आता जा." मला त्याचा राग यायचा. हा कोण मला सांगणारा? पण मी दोन पावलं आत सरकायचो आणि बॉल नेमका माझ्या पायात यायचा. मग मला वाटायचं, वा, काय अंदाज आहे आपला!

त्याचा थोरला भाऊ बशीर पोलीस ॲक्शनच्या आधीच हैदराबादला गेला होता आणि तिथल्या एका तगड्या संघाकडून सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायच्या जागेवर, खेळायचा. तो रझाकारांत होता अशी शहरात कुजबुज होती. होता की नव्हता याचा पुरावा मला आजवर मिळालेला नाही, ना इकडचा ना तिकडचा. एका वर्षी आमच्या मैदानावरच्या ढालीच्या अंतिम सामन्यात तोच हैदराबादचा संघ आमच्यासमोर आला. सामन्याच्या आदल्या दिवशी दामूअण्णांनी मला दुकानाच्या आत बोलावलं. ठाण उलगडत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाटील, तू त्याच्या बाजूला असतो. जरा नजर ठेव."

"मुनीरवर? कशासाठी, अण्णा?"

"त्याला हैदराबादला नोकरी लावून देतो म्हणत्यात. भावाच्या संघात. मी म्हणत नाय तो काही करंल. नजर ठेव, इतकंच."

मी नजर ठेवली. आणि नजर ठेवल्यावर माणसाला जे दिसायचं तेच मला दिसत गेलं. मुनीर त्या दिवशी रोजच्यापेक्षाही कमी पळाला. कुणाच्या पायातून बॉल हिसकावला नाही, कुणाला धडक दिली नाही. बशीरच्या आसपास नुसता रेंगाळत राहिला, जणू दोघं भाऊ फेरफटका मारायला निघालेत. मध्यंतरात पाण्याच्या रांजणाजवळ बशीर त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि मुनीर हसला. ते हसणं मी पाहिलं, अण्णांनी पाहिलं, आणि दोरीपलीकडं उभ्या असलेल्या शेकडो माणसांनी पाहिलं. उत्तरार्धात तर कहरच झाला. बॉल सुटून मुनीरच्या पायाशी आला. पुढं मोकळं मैदान होतं, त्यांचे दोन्ही बॅक एका बाजूला ओढले गेले होते. लोक ओरडले, "जा! जा मुनीर!" मुनीरनं मान वळवून मागं बघितलं, बॉल शांतपणे माझ्याकडं ढकलला आणि स्वतः उलटा, आपल्या गोलकडं चालू लागला. कुणीतरी पहिला शब्द उच्चारला, "गद्दार," आणि तो शब्द दोरीच्या कडेकडेनं सगळीकडं फिरला.

कुणाचाच गोल झाला नाही. जादा वेळही कोरडा गेला, उजेड संपत आला, शेवटी रेफरीनं नाणं उडवलं आणि ढाल हैदराबादला गेली. नाणं काही मुनीरनं उडवलं नव्हतं, पण एवढा विचार कोण करतो!

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माडीवर बैठक बसली. मुनीर मागावरून उठून थेट आला होता; त्याच्या बाहीला रेशमाचे बारीक धागे चिकटले होते. अण्णा म्हणाले, "मुनीर, लोक नाय नाय ते बोलत्यात. तू शपथ घे की इमानानं खेळलो. तुझ्या धर्माप्रमाणं घे. इथंच विषय मिटवू."

मुनीरनं सगळ्यांकडं एकवार बघितलं. माझ्यावर नजर जरा थांबली. "पाटलालाबी घ्यायला लावणार का?"

कुणी बोललं नाही. मीही नाही. काय बोलणार होतो? मला खरंच माहीत नव्हतं तो कसा खेळला ते.

"मी खेळलो ते तुम्ही बघितलं," तो म्हणाला. "बघून न्हाई कळलं, तर शपथेनं काय कळणार, अण्णा?" आणि जिना उतरून गेला.

संघातून त्याचं नाव निघालं. लोक म्हणाले, आता जातोय बघा हैदराबादला. तो गेला नाही. यावरही शंका आल्याच... का गेला नाही? तिकडंही नको झाला का? इथं राहून काय साधायचंय? एक-दोनदा पोलीस घरी येऊन भावाबद्दल विचारून गेले. मुनीर सकाळी कारखान्यात जायचा, संध्याकाळी घरी यायचा, आणि आमखासच्या बाजूला फिरकायचा नाही.

आणि मैदानावर आमचं काय झालं? तेच अकरा, फक्त एक बदलला. त्याच्या जागी आलेला पोरगा घोड्यासारखा पळायचा, धडका द्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. पण आम्ही हरत गेलो. ज्या संघांनी आमच्या गोलजवळ यायची हिंमत केली नव्हती, ते आता आमच्यात शिरून आरामात बॉल खेळवायचे. मी पहिल्यासारखाच पळत होतो, पण बॉल माझ्याकडं येईना. मी जिथं जाई तिथून तो नुकताच गेलेला असे. आपण बरे खेळाडू आहोत असं मला वाटत आलं होतं. मुनीर संघातून गेल्यावर मला कळलं की मी एक साधारण खेळाडू होतो, आणि कुणीतरी मला रोज दोन पावलं आत सरकवून चांगला करत होतं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा तो अंतिम सामना डोक्यात पुन्हा खेळून बघितला. बशीरसारखा फॉरवर्ड, ज्यानं त्या स्पर्धेत समोर येईल त्याची दाणादाण उडवली होती, त्यानं आमच्या गोलवर एकदा तरी फटका मारला का? मला आठवेना. मुनीरनं बॉल मला देऊन पाठ फिरवली तेव्हा त्याच्या मागं कोण उभं होतं? बशीर. एकटा, मोकळा, आमचा बॉल निसटायची वाट बघत. पण हा माझा तर्क झाला. भावानं भावाला अडवलं की भावानं भावाला सांभाळून घेतलं, दोन्हींत मैदानावर दिसणार ते एकच. काहीच घडलं नाही. आणि जे घडलंच नाही, त्याला साक्षीदार कुठून आणणार?

शेवटी दामूअण्णाच त्याच्या घरी गेले. काय बोलले ठाऊक नाही, पण पुढच्या संध्याकाळी मुनीर मैदानावर आला, आपल्या जागी उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, दोन पावलं आत." त्यानंतरची आमची वर्षं जुन्या लोकांना आठवतात. ढाली आल्या, मिरवणुका निघाल्या, हार गोल मारणाऱ्यांच्या गळ्यात पडले. मुनीर मिरवणुकीच्या कडेनं सायकल हातात धरून चालायचा. मी त्याला विचारलं होतं, "तुला राग नाही आला?" तो म्हणाला, "आला ना. लई आला. पण राग घेऊन मैदानात गेलं की जागा सुटते."

शपथेचं मात्र मी फार उशिरा विचारलं. दोघांचेही केस पिकले होते. कोर्टाबाहेर चहा पीत होतो. म्हटलं, "मुनीर, तू निर्दोष होतास तर शपथ घ्यायला काय हरकत होती? दोन मोसम वाया गेले तुझे." त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "वकीलसाहेब, एकदा घेतली असती, तर पुढच्या प्रत्येक मॅचला घ्यावी लागली असती."

त्याच्या वाट्याला आलेल्या त्या सगळ्या काळाबद्दल याहून खरं मी कुठल्या कोर्टात ऐकलेलं नाही. तरी खोटं कशाला बोलू, मनात एक बारीक कुसळ उरलंच. त्यानं आरोप नाकारला नव्हता. त्यानं फक्त उत्तर दिलं नव्हतं.

परवा चाळिसाव्याला शहागंजातल्या त्याच्या घरी गेलो. हैदराबादहून बशीर आला होता. काठी टेकत, डोळ्यांना जाड भिंगं. सलमानं आमची ओळख करून दिली. "चाचा, हे पाटीलकाका. अब्बांच्या बाजूला खेळायचे." पाहुणे पांगले आणि मला राहवलं नाही. अशा दिवशी विचारू नये ते मी विचारलं. "बशीरभाई, ढालीच्या त्या मॅचला मुनीरनं तुम्हाला सोडलं होतं का?"

म्हातारा म्हणाला, "छोड दिया? मेरेकू? मियाँ, मी वळलो की तो तिथं उभा. थांबलो तर तिथंच. हाफ टाइमला मी त्याला म्हटलं, अरे, एकदा तरी जाऊ दे. तो हसला फक्त..." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी तिकडं गेलो तर आमचे लोक म्हणाले, घरच्या मैदानावर भावासाठी मुद्दाम खेळला नाहीस. पायाला बॉलच नाही लागला तर काय सांगणार? कसम खा म्हणाले. मी खाल्ली. तरी काढलं संघातून. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुनीरशी बोललो नाही. अम्मी गेली तेव्हा बोललो."

म्हणजे इकडं आम्ही मुनीरवर संशय घेत होतो आणि तिकडं ते बशीरवर. दोन शहरं दोन भावांकडं बघत होती, आणि त्या दिवशी मैदानावर एका माणसानं किती मोठा खेळ केला, हे फक्त दुसऱ्याला माहीत होतं. आणि तो रागावलेला होता.

"इथं काय झालं, ते त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"नाही. काय झालं?"

मी सांगितलं. माडी, अण्णा, शपथ, सगळं. बशीर ऐकत होता. मध्येच चष्मा काढून त्यानं कुर्त्याच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला. मग उठून खिडकीखालच्या तख्ताकडं गेला आणि मधोमध टेकणार, इतक्यात सलमा चहा घेऊन दारात आली आणि थबकली. बशीरनं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मुनीरच्या रोजच्या बसण्यानं गादीला मध्ये पडलेल्या खळग्याकडं बघितलं, आणि काठीच्या आधारानं तख्ताच्या एका टोकाला सरकून बसला. मला दुसऱ्या टोकाला बसायची खूण केली. खाली गल्लीत पोरं ओरडत होती, कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. सलमानं ट्रे आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला नाही. तिनं तो जमिनीवर टेकवला आणि एकेक कप उचलून आमच्या हातात दिला.