उभा मी, बसलेला मी

आता काय सांगू तुम्हाला, माझं जमत आलेलं लग्न मोडायला मी स्वतःच निघालो होतो. तेही एका फोटोपायी. हसा, हसा, मीही आता हसतो.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. डबल रोलच्या सिनेमांचं मला भारी वेड. मामांनी कन्हानची सुशीला सुचवली. एका लग्नात तिला पाहिलं होतं, तेव्हाच मनात भरली होती. मामा म्हणाले, "तुझा एक फोटो दे." मी विचार केला, एक मी आवडलो नाही तर? दोन असले तर एखादा तरी पसंत पडेल. काय अक्कल बघा.

सदर भागातल्या स्टुडिओतले फोटोवाले काका म्हणाले, "सोपं आहे. लेन्सची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्यानं झाकतो, उघड्या बाजूले तू खुर्चीत बस. मग त्याच फिल्मवर पुठ्ठा दुसऱ्या बाजूले, अन् तू उभा राह्य. फक्त मधल्या रेषेपलीकडं जाऊ नको गा. तिकडचं काहीच उमटत नाही."

बसलो. मग उभा राहिलो. आता भावाशेजारी भाऊ उभा, तर खांद्यावर हात नको? मी हात खुशाल खुर्चीकडे लांबवला. तो गेला रेषेपलीकडे, आणि फोटोत मनगटापासून गायब. मामांनी फोटो स्टुडिओतून उचलला तो थेट कन्हानला पोचवला. मी पाहिलाच नाही.

रविवारी मुलीचे वडील घरी आले. कोळशाच्या खाणीतला साधा माणूस. माझे दोन्ही हात नीट पाहून म्हणाले, "तुमी तं बसलेले. उभे असलेले भाऊ कुठं हाये?"

"तोही मीच जी."

"तुमचे तं दोन्ही हात हाये."

मी पुठ्ठा सांगितला, रेष सांगितली, खुर्चीत बसून दाखवलं, उठून दाखवलं. जितकं समजावलं तितका खोटारडा दिसत गेलो.

ते आईकडे वळले. "बाई, खाणीत हात गेलेले लई पोरं पाहिले मी. त्यात लाज कायची? काहून लपवून राहिल्या त्याले?"

आई रडकुंडीला आली. "मले एकच पोट्टा आहे हो."

"मायनं असं म्हणू नये," असं म्हणून ते अर्धा चहा टाकून उठले. गेली सुशीला हातची.

मामांनी हातापाया पडून त्यांना स्टुडिओत नेलं. काकांनी त्यांनाच आधी बसवलं, मग उभं केलं. ते रेषेच्या आत हात अंगाला चिकटवून ताठ उभे. फोटो धुऊन आला, तर दोन सासरे आणि चार हात. ते बोटानं चारही हात मोजून मला म्हणाले, "फोटोवाल्यानं सांगितलं होतं, तं रेषेपलीकडं हात कायले नेला गा?"

लग्न झालं. माझा तो पहिला फोटो अजून बैठकीत आहे. मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो आणि चहा मागितला, की सुशीला माझ्याकडे नाही, त्या फोटोकडे बघते.

"बाबांनी मले विचारलं होतं, दोघांतला कोणता. मी उभ्याले हो म्हटलं होतं. एका हाताचा होता, पण उभा तरी होता. नशिबी आला हा बसलेला."