गोरखपूरचे स्वच्छ उंदीर

तिसऱ्या दिवशीही ट्रे कोरा निघाला.

पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये उंदीर बेशुद्ध पडलेला. मी त्याच्या केसांतून उलटा ब्रश फिरवत होते. घरात पकडलेल्या उंदरावरून चार-पाच पिसवा तरी पडतात. इथे एकही नाही.

"मॅडम, इसके बाल तो मेरे से अच्छे हैं," आमचा लॅब अटेंडंट राजेश म्हणाला. त्याला टक्कल आहे.

मी जबलपुरात कीटकशास्त्रज्ञ आहे. कीटकांमुळे माणसांना होणारे जिवाणूंचे आजार हा आमच्या लॅबचा विषय. तेव्हा टायफसवर काम चालू होतं. टायफॉइड नव्हे, तो दूषित अन्नपाण्यातून होतो. हा टायफस उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो. पिसू चावते, आपण खाजवतो, तिच्या विष्ठेतले जिवाणू जखमेत जातात आणि ताप येतो. आमच्या जबलपुरातल्याच गोरखपूर भागात एका गल्लीत तिघे या तापाने आजारी होते. त्यांत तिथे राहणाऱ्या मेश्रामकाकूंची सून, ती तर दवाखान्यात भरती. गल्लीत पिसवा आहेत हे आम्ही दाखवलं, तरच पालिकेची माणसं बिळांत पिसवांची पावडर मारायला येणार होती. म्हणून आम्ही तिथे घरोघरी उंदरांचे पिंजरे ठेवले होते.

"एक भी पिस्सू नहीं?" आमचे सर म्हणाले. "चूहा है या साबुन की टिकिया?"

"दो दिन और दीजिए, सर."

"शुक्रवार तक. फिर पिंजरे गोहलपुर मोहल्ले में जाएँगे."

गुरुवारी पिंजरे गोळा करायला मी तासभर आधीच पोचले. मेश्रामकाकू नळावर बसल्या होत्या. समोर बादली, बादलीत पिंजरा, पिंजऱ्यात फेसाने माखलेला उंदीर. मागे दोन शेजारणी आपापले पिंजरे घेऊन नंबर लावून उभ्या.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"अय्या, ताई, आज लवकर आल्या! आंघोळ घालून राहिली. तसाच देऊ काय मोठ्या लोकांच्या लॅबमध्ये?"

"अहो, पिसवांसाठीच तर उंदीर पकडतोय आम्ही!"

"पकडा ना. पण आमच्याच घरच्या काहून?"

शाम्पू समोरच्या कुत्रेवाल्या भैयांचा होता, गोचीड आणि पिसवा मारायचा. तीन दिवस तीच बाटली गल्लीभर फिरत होती. एक झाकण टाकलं की उंदीर चकाचक, असं काकूंनी अभिमानाने सांगितलं.

"सून आजारी आहे, काकू. पिसवा नाही सापडल्या तर पावडर येणार नाही."

"म्हणूनच तर! आधीच लोक म्हणून राहिले, ताप यांच्याच घरून आला. अन् तुम्ही पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मेश्राम, घर नंबर सात. उद्या लिहाल, मेश्रामांच्या उंदरावर वीस पिसवा. पूर्ण गल्ली वाचते ना, बाई!"

ती लेबलं मीच लावली होती. कुठला पिंजरा कुठल्या घरचा हे कळायला हवं, एवढाच मी विचार केला होता. तिथेच सगळी लेबलं फाडली आणि पिंजऱ्यांवर नुसते आकडे टाकले. कुठला आकडा कुठल्या घरचा, हे माझ्या कुलूपबंद वहीत. सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि उंदराला हात लावायचा नाही असं बजावलं. बाटली जप्त केली. भैयांनी पावती मागितली, तीही लिहून दिली.

शुक्रवारी पिंजरे कोरडे मिळाले. पहिल्याच उंदरावर अकरा पिसवा. सर बघायला वाकले आणि लगेच चार पावलं मागे गेले. "ठीक है, भेज दो रिपोर्ट," ते दारातून म्हणाले. पालिकेची माणसं सोमवारी आली. आधी पावडर, मग उंदरांचं औषध, हा क्रम मी उभं राहून पाळायला लावला. उंदीर आधी मेले तर उपाशी पिसवा माणसांवर येतात.

सून बरी होऊन घरी आली, तेव्हा काकूंनी मला चहाला बोलावलं.

"ताई, आमचा कोणता होता?"

"नाही सांगता येत. गुप्त आहे."

"अच्छा. पण वरच्या मजल्यावाल्यांपेक्षा कमीच होत्या ना?"

मी चहा प्यायले.

नमुना जसा आहे तसा हवा असेल, तर देणाऱ्याची अब्रू आधी सांभाळावी लागते, हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आता आमच्या फॉर्मवर एक जादा रकाना आहे: 'उंदराला आंघोळ घातली आहे का? हो/नाही.' हेड ऑफिसमधून फोन आला होता, हा रकाना चुकून छापला गेला का? नाही म्हटलं, आणि रिकामा सोडू नका.