ती बोलेल तेच लिही

चार बायका जमल्या की कुणी सुनेचे किस्से सांगतं, कुणी गुडघ्यांचे. माझ्याकडे परीक्षेचे आहेत. सत्तरी ओलांडलेल्या बाईकडे दहावीच्या परीक्षेचे! घरातल्या जुन्या डब्यात बटणं साठतात ना, कुणी मुद्दाम साठवत नाही, तसे हे साठलेत. एक काढायला गेलं की पाच खडखडतात.

आधी माणसं सांगते, नाहीतर मध्येच विचाराल. पूर्वा माझी नात. आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. पूर्वाला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे डोकं तल्लख, पण हातपाय त्या डोक्याचं ऐकत नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसते. बोलते, पण एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येतो. थांबलात तर भरलेली बादली मिळते. लोक थांबत नाहीत, तिथंच सगळी बोंब आहे.

मुलगा नरडाण्याला कारखान्यात, रविवारचा येतो. सून सुनीता घरी शिवणकाम करते. भलती गरीब स्वभावाची. "जाऊ द्या ना आई" हे तिचं आवडतं वाक्य. राहता राहिले मी. शाळा तिसरीपर्यंत, पुढचं वाचन माझं मी शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. माहेर नरडाण्याकडचं, त्यामुळे राग आला की तोंडून अहिराणी निघते. मला सगळे अक्का म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही माले बठ्ठं ठाऊक शे!

हट्ट एकच होता. पूर्वाने दहावी द्यायची, आणि स्वतःच्या उत्तरांनी द्यायची. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या. तिचं बोलणं कागदावर उतरवायला लेखनिक, आणि तासामागे वीस मिनिटं जास्त. दोन्ही नियमात बसतं. पण नियमात असलेली गोष्ट मागायला जा, समोरचा असा बघतो की तुम्ही त्याच्या ताटातली पोळी उचलली.

*

पहिली पायरी दिव्यांगाचा दाखला. आमच्याकडे होता. सरकारी दवाखान्यातला टेबलामागचा माणूस म्हणाला, "अक्का, याची मुदत संपली. नवीन आणा."

"का? पोर बरी झाल्याचं कुणी कळवलं का तुम्हाला?"

"तसं नाही हो. नियम आहे."

पुन्हा रांग, पुन्हा तपासणी. पोर जशी होती तशीच आहे असं डॉक्टरांनी शोधून काढलं! मग अर्ज भरताना तोच माणूस म्हणतो, "इथं मुलीची सही."

मी विचारलं, "भाऊ, हा कागद कशाचा आहे?"

"तिला हाताने लिहिता येत नाही, त्याचा."

"आणि त्यावर काय पाहिजे?"

"तिच्या हाताची स..." बोलता बोलता थांबला. मला वाटलं, उजाडलं बाबा एकदाचं. तर म्हणाला, "बरं, अंगठा चालेल. फक्त अंगठ्याशेजारी 'निरक्षर' असं लिहावं लागतं."

पूर्वा शेजारीच होती. तिने बादली ओढायला घेतली. "नि... र... क्ष... र... तु..."

सुनीताने झटकन तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊ द्या ना आई!"

मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं!

*

शाळेचे हेडसर माणूस वाईट नाही. फक्त कागद वाचत नाहीत. मला म्हणाले, "अक्का, जादा वेळ वगैरे असं काही आमच्याकडे नाही."

मी पिशवीतून परिपत्रक काढलं. लॅमिनेशन केलेलं. भाकरीच्या फडक्यात राहतं, तेल लागू नये म्हणून. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. दोन मास्तर आले.

हेडसर म्हणाले, "अक्का, तुमचं शिक्षण किती?"

"तिसरी."

"मग हे तुम्हाला कसं समजलं?"

"एम.ए., बी.एड. करून तुम्हाला कसं नाही समजलं, तो आधीचा प्रश्न. तो सोडवा, मग माझा घेऊ."

*

शाळेत रॅम्प आहे. दिव्यांगांसाठी म्हणून बांधला, रंग दिला, फोटो काढले. पूर्वाची खुर्ची घेऊन गेलो तर रॅम्पवर सहा मोटारसायकली.

शिपायाला म्हटलं, "या गाड्यांना पायऱ्या चढता येत नाहीत का?"

तो अगदी मनापासून म्हणाला, "नाही ना अक्का, म्हणून तर इथं लावतात!"

*

मग लेखनिक. नियम असा की तो खालच्या वर्गातला हवा, म्हणजे आयती उत्तरं त्याला येऊ नयेत. मी नववीतल्या पोरींच्या घरोघर फिरले. एक आई म्हणाली, आमचीचा अभ्यास बुडेल. दुसरी म्हणाली, आमचीचं अक्षर खराब आहे. भिंतीवर सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस लटकत होतं! तिसरीने आधी चहा पाजला, मग आवाज खाली आणून विचारलं, "अक्का, तिच्याजवळ बसून काही लागत तर नाही ना?"

मी म्हटलं, "हुशारी लागते कधी कधी. पण तुमच्या घरात भीती नाही."

चहा चांगला होता, खोटं का बोलू.

शेवटी असोद्याची एक पोरगी मिळाली. कोमल. बापाची केळीची बाग. तो स्वतः मोटारसायकलवर पोरीला घेऊन आला, सोबत केळीची फणी. म्हणाला, "अक्का, माही पोरगी घेऊन जा. अक्षर मोत्यासारखं हाये. फक्त एक हाये, पोरगी लय सरळ हाये. सांगितलं तेवढंच करते. म्हशीला पाणी पाज म्हटलं तर पाजून येते. म्हैस सुटलेली असली तरी बांधत नाही. ते सांगितलं नव्हतं ना!"

मी म्हटलं, "मला अशीच पाहिजे."

बोलले खरी. पुढे भोगलं.

*

परवानगी आल्याची बातमी पसरली आणि एक गृहस्थ तावातावाने घरी आले. त्यांचा मुलगा वर्गात पहिला येतो. कपाळावर आठ्या. "अक्का, हा अन्याय आहे. तुमच्या नातीला तासाला वीस मिनिटं जास्त. आमच्या मुलाने काय पाप केलंय?"

सुनीता मशीन थांबवून बघायला लागली. मी त्यांना पाट दिला, पाणी दिलं. म्हटलं, "भाऊ, बरोबर बोलताय. ती वीस मिनिटं तुम्ही घेऊन जा."

ते खुलले.

"पण सुटी नाही मिळत. जोडीला हिचे हात येतात, पाय येतात, ही खुर्ची येते. सकाळी दोन माणसांनी उचलून आंघोळ घालणं येतं. बोला, कधी पोचवू?"

पाणी तसंच ठेवून गेले. चप्पल मात्र बरोबर स्वतःचीच घालून गेले, एवढा हुशारीचा अंश तिथंही होता.

*

सराव परीक्षा आली. लोक म्हणणार, लेखनिकाने उत्तर सुधारलं. म्हणून मी कोमलला समोर बसवून दम दिला. "ती बोलेल तेच लिही. तुझं एक अक्षर नको. तिचं एक अक्षर गाळायचं नाही. समजलं?"

"समजलं अक्का."

तीन दिवसांनी इतिहासाच्या बाईंनी मला बोलावलं. पेपर पुढे सरकवला. मोत्यासारखं अक्षर. मी वाचलं:

"राष्ट्रीय सभेच्या स्थापनेची कारणे पुढीलप्रमाणे. थांब गं. आठवू दे. पहिले कारण म्हणजे इंग्रजी शिक्षणामुळे नवा विचार आला. नाक पूस. दुसरे कारण वृत्तपत्रे. माश्या हाकल ना. इकडच्या. पाणी दे. तिसरे कारण..."

बाई म्हणाल्या, "अक्का, कारणं सगळी बरोबर आहेत. पण राष्ट्रीय सभेत माश्या कुठून आल्या?"

"किती मार्क दिले?"

"पाचपैकी साडेचार. माश्यांचा अर्धा कापला."

मी कोमलला पुन्हा बसवलं. या खेपेला नीट विचार करून सांगितलं. "हे बघ. नाक, पाणी आणि माश्या. एवढं सोडून ती बोलेल ते सगळं लिहायचं."

कोमलने बोटांवर मोजलं. "नाक. पाणी. माश्या." पक्कं केलं.

पूर्वा खुर्चीत हसत होती. ती का हसतेय ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

*

खऱ्या परीक्षेत आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली मिळाली. आत पूर्वा, कोमल आणि पर्यवेक्षक मॅडम. पूर्वाला मध्येच उठवायला लागलं तर माणूस हवा, म्हणून मला दाराबाहेर स्टूल. पण अट लेखी घेतली. दाराबाहेर बसलेल्या बाईंनी परीक्षा चालू असताना एक शब्दही उच्चारू नये, नाहीतर पेपर रद्द. सही मीच केली. माझ्या आयुष्यात मी कशावर इतक्या जड हाताने सही केली नसेल.

सगळे पेपर नीट गेले. शेवटचा भूगोल. पूर्वाचा आवडता. जादा वेळ धरूनही तिला तो जेमतेम पुरतो, एकेक मिनिट मोलाचं. आणि नेमकं त्या दिवशी भरारी पथक आलं. पुढे एक साहेब.

साहेब दारात थबकले. "ही लिहितेय, ती नुसती बसलीय. मग उत्तरं नेमकी कुणाची?"

मॅडमनी परवानगीचं पत्र दाखवलं. साहेबांनी वाचलं. उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. मग कोमलला म्हणाले, "तू सांग. ब्राझीलमध्ये कॉफी कुठं पिकते?"

कोमल उभी राहिली. "मले नाही माहीत सर. आमच्याकडे केळी पिकते."

साहेब पूर्वाकडे वळले. बहिऱ्याशी बोलावं तसा आवाज चढवला. "बाळ! ब्रा-झी-ल-मध्ये! कॉफी! कुठं?"

पूर्वाने सुरुवात केली. "सा..."

"हं? येत नाही?"

"सा... ओ..."

"बघा मॅडम, साधा प्रश्न आहे. परत विचारतो. ब्रा-झी-ल-मध्ये!"

असं तीन वेळा. दर वेळी बादली काठाशी यायची आणि हे दोर सोडून द्यायचे. भिंतीवरचं घड्याळ चालतंय. मी स्टुलावरून अर्धी उठले. मॅडमनी डोळ्यांनी विनवलं. मी पदर तोंडात धरला आणि बसले. दात आहेत म्हणून पदर राहिला, नाहीतर काय निघालं असतं देव जाणे.

पूर्वाने साहेबांवरची नजर काढली आणि कोमलकडे बघितलं. म्हणाली, "सा...हेब... थांब...त... ना...हीत. मा...झा... वेळ... जा...तो."

कोमल खाली बसली आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं, पूर्णविरामासकट.

साहेबांनी वाकून पाहिलं. "हे काय लिहिलंस?"

कोमल पुन्हा उभी. "सर, नाक, पाणी आणि माश्या सोडून सगळं लिहायचंय."

"काय?"

"अक्कांनी सांगितलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर चावत होते.

"खोड ते! उत्तरपत्रिकेत असलं लिहिलं तर कारवाई होते, माहीत आहे?"

कोमलने पेन उचललं. तिने पूर्वाकडे बघितलं.

"खो...डू... न...को."

कोमल बसली. पुढच्या ओळीवर, मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं: खोडू नको.

साहेब त्या ओळीकडे बघत उभे. मग पहिल्यांदाच ते काही न बोलता उभे राहिले. पूर्वाने वाट पाहिली, ते खरंच थांबलेत याची खात्री केली, आणि बादली ओढली. "सा... ओ... पा...व...लो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, माझी किती मिनिटं गेली?"

"तुमची नाही सर," मॅडम म्हणाल्या. "तिची. अकरा."

"अकरा वाढवून द्या." परवानगीच्या पत्रावर तसं लिहिलं, खाली सही केली. मला वाटलं, माणूस आहे. पदर थोडा सैल सोडला.

तर दारातून वळले आणि कौतुकाने म्हणाले, "हुशार आहे हो! दिसत नाही तशी!"

पूर्वा त्यांच्याकडे बघून एकच शब्द बोलली. न अडखळता. एका दमात. नरडाण्याकडचा शब्द, माझ्याच तोंडून उचललेला.

साहेबांना कळला नाही, ते हसून निघून गेले. मॅडमना कळला असावा, कारण त्या एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. आणि मी स्टुलावर, एक शब्दही न बोलण्याची सही देऊन बसलेली.

कोमलने बोटांवर मोजलं. नाक. पाणी. माश्या.

आणि पेनाचं टोपण काढलं.