पहिलं पाऊल, दुसऱ्यांदा

सापगावात आमच्या शेजारी एक आदर्श आई राहते. आदर्श असल्याचं ती स्वतःच रोज मोबाइलवर जगाला सांगते. वर्षभराच्या लेकीला नाचणीची पेज भरवताना ती आधी उजेड बघते, मग पेज निवली का ते. एरवी "गिळ गो लवकर" म्हणणारी ही बाई व्हिडिओ सुरू झाला की "चला बाळा, मम्मम करूया" म्हणते.

परवा दुपारी ती व्हिडिओ जोडत बसली होती, म्हणून पोर माझ्याकडे होती. माझ्या ओटीवर ती पहिल्यांदाच तीन पावलं चालली. मी हाक मारली, तर आई नवा फ्रॉक आणि मोबाइलचा स्टँड घेऊनच आली.

"परत चाल गो, मम्मीसाठी!"

पोर फतकल मारून बसली. तासाभराने बिस्किटाच्या लालचीने 'पहिलं पाऊल' एकदाचं पडलं आणि लोकांनी भरभरून कौतुक केलं.

संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. मला वाटलं, कौतुक वाचून दाखवणार. पण तिने हळूच विचारलं, "वयनी, ती खरी चालली तवा हसत होती का?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण जमलं नाही.

"नाय गो. तुज्या दाराकडं बघत होती."