शालू वहिनी थेटरात हसली होती

शालू वहिनी गेल्याचं मला भाच्याच्या फोनवरून कळलं. "आत्या, बड़ी काकू नहीं रहीं," एवढंच तो म्हणाला. तिचं वय झालं होतं, अंथरुणाला खिळावं लागलं नाही, सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसली ती बसलीच... मला रडू आलं, पण राग आला नव्हता. राग आला तो तेराव्याला. पंगत बसली होती आणि माझा भाऊ अण्णा, म्हणजे त्या भाच्याचा बाप, हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "आमच्या वहिनी म्हणजे त्यागाची मूर्ती. दादा गेल्यावर त्यांनी आयुष्यात कधी कशाची हौस केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून काही आठवडे गेले, पण ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं जात नाही. वहिनीला हौस होती. ती हौस कोणी मारली हे अण्णाला चांगलं ठाऊक आहे, आणि मलाही.

वहिनी नागपूरकडची. आमच्या थोरल्या दादाशी लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरात आली तेव्हा मी फ्रॉक घालत होते. दादा लष्कराच्या सरकारी फॅक्टरीत होता. तीन वर्षांच्या आत कावीळ होऊन तो गेला आणि त्याच्या जागी वहिनीला नोकरी मिळाली, लष्करी गाड्यांवरच्या ताडपत्र्या शिवायच्या खात्यात. त्या जाड कापडानं तिची बोटं सोलपटून निघायची. घरी आली की पुन्हा स्वयंपाक. रंगीत पातळ नाही, हळदीकुंकवाला समोर यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. हे सगळं आईनं कधी शब्दांत सांगितलं नाही, नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत तर फॅक्टरी दिवसरात्र चालू होती. सुट्टी बंद, खिडक्यांना काळे कागद, भोंगा वाजला की सगळे दिवे विझवायचे. त्याच दिवसांत एक भुऱ्या रंगाचं मांजर वहिनीच्या मागच्या खोलीत येऊन राहिलं. तिनं त्याचं नाव भुरी ठेवलं. त्या घरात वहिनीच्या मांडीवर आपणहून येऊन बसणारं तेवढंच कोणी होतं.

लढाई संपली, नाताळ आला, आणि वहिनीला कितीतरी दिवसांनी रविवारची सुट्टी मिळाली. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बेबी, सदरच्या थेटरात मांजराचा पिक्चर लागला आहे. येते का?" मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. सदरला, म्हणजे छावणीच्या भागात, रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागत. मला इंग्रजी जेमतेम कळे, वहिनीला अजिबात नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणते, "मांजरांना कुठं इंग्रजी येते?"

गोष्ट साधीच होती. नाताळच्या सुट्टीत एक बाई डोंगरातल्या एका गावी येते. सगळीकडे बर्फ. तिची मावशी वारलेली, मावशीचं घर बंद करून परत जायचं, एवढंच तिचं काम. पण घरभर मांजरं. ती सगळी मांजरं जेवायला शेजारच्या एका चिडक्या मास्तराकडे जातात. प्रत्येक मांजराला दोन नावं, एक या घरातलं आणि एक त्या घरातलं. त्यावरून दोघांची भांडणं, आणि भांडता भांडता प्रेम. वहिनी सारखी माझ्या कानाशी लागायची. "काय म्हणून राहिला तो?" "म्हणतो, मांजर माझं आहे." "आणि ती?" "तीही म्हणते, माझं." "अरे बाप्पा, मांजराला विचारा म्हणावं!" शेवटी तो मास्तर नवा सूट घालून मागणी घालायला येतो, हॅट काढून खुर्चीवर ठेवतो, आणि तो गुडघ्यावर बसला असताना एक लठ्ठ बोका त्या हॅटमध्ये पाय दुमडून बसतो. वहिनी हसायला लागली. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना, उचक्या लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एक मद्रासी बाई वळून पाहू लागल्या आणि त्याही हसायला लागल्या. दादा गेल्यापासून मी तिचा तो आवाज ऐकलाच नव्हता.

येताना सायकलरिक्षात ती पदरानं डोळे पुसत होती. मग म्हणाली, "बेबी, ती पहिल्यांदा काळे कपडे घालून आली होती... तिचा नवरा गेलेला होता का ग?"

"हो. लढाईत."

"आणि तिनं पुन्हा लग्न केलं तर कोणी काही म्हटलं नाही?"

"नाही."

"शेजाऱ्यांनीही?"

"शेजारी केक घेऊन आले ना शेवटी."

"केक घेऊन आले म्हणते!" वहिनी म्हणाली, आणि दीक्षितपुऱ्याची गल्ली येईपर्यंत स्वतःशीच हसत राहिली.

घरी ती बातमी आमच्या आधी पोचली होती. गल्लीतलं कोणीतरी थेटरात होतं. आई दारातच उभी होती. "विधवा बाईनं चारचौघांत खिदळायचं? माझा मुलगा गेला, आणि हिला हसू येते?" वहिनी चपला काढून आत गेली. मी बोलले, "आई, हसली तर काय झालं?" तर अण्णानं मला गप्प केलं. अण्णा तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, दादा गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष झालेला. दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर असताना आणि मी कॉलेजात असताना त्यानं भुरीला पोत्यात घातलं, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि भाजी उतरवून शहराबाहेरच्या पनागर गावाला परत जाणाऱ्या गाडीत टाकून दिलं. संध्याकाळी वहिनी "भुरी, भुरी" करत घरभर फिरू लागली, तेव्हा हा जेवता जेवता म्हणाला, "पनागरला पाठवली तिला. तिलाही सुट्टी करू द्या, पिक्चरमधल्यासारखी." आणि हसला. त्याच्या हसण्याला त्या घरात कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बसनं पनागरला गेलो. मटाराचे दिवस होते, जिकडेतिकडे शेंगांचे ढीग. वहिनी बांधाबांधानं हाका मारत फिरली. एका शेतातली बाई म्हणाली, "बिल्लियाँ तो बहुत हैं बाई, तुम्हारी कौन-सी?" वहिनीनं हातानं दाखवलं, एवढी, भुरी, शेपटीचं टोक पांढरं... भुरी मिळाली नाही. उन्हं कलली तेव्हा वहिनी बांधावर टेकली आणि म्हणाली, "पोत्यात किती ओरडली असेल ग ती." रडली नाही. मीच रडले, रागानं.

घरी येऊन तिनं पाय धुतले आणि आईसमोर उभी राहिली. "आई, मी फॅक्टरीत क्वार्टर मागून राहिली आहे."

"एकटी बाई राहशील? लोक काय म्हणतील?"

"मी हसली तर लोक बोलले. एकटी राहिली तर बोलतील. बोलू द्या."

अण्णा ओरडत मध्ये आला, घराचं नाव, दादाचं नाव... वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही मला काही सांगू नका. ते पोतं तुम्ही आपल्या हातानं बांधलं." तो मागे सरला. क्वार्टर मिळताच ती एक ट्रंक घेऊन निघाली. गल्लीतून जाताना पदर डोक्यावरून घेतला नव्हता.

पुढे तिला बोलावणी गेली ती याच घरून. अण्णाच्या बायकोचं बाळंतपण, आईचं अर्धांगवायूचं आजारपण. ती आली, तिनं सगळं केलं, आणि काम संपल्यावर क्वार्टरवर पाळलेल्या आपल्या मांजरांकडे परत गेली. त्यालाच हे लोक आता त्याग म्हणतात. स्वतः केलेलं झाकायला किती सोयीचा शब्द आहे! मी एकदा तिला विचारलं होतं, "वहिनी, तू पुन्हा लग्न काहून नाही केलं ग?" ती म्हणाली, "तसा कोणी भेटला नाही. पण खरं सांगू? त्या पिक्चरमधला मास्तर ठीकच होता. मला ते घर आवडलं होतं. कोणी येते, कोणी जाते, कोणी कोणाला जाब विचारत नाही."

निवृत्त झाल्यावर तिनं विजय नगरात दोन खोल्यांचं घर केलं. गेल्या आठवड्यात भाच्यानं मला तिथं बोलावलं. घर भाड्यानं द्यायचं, म्हणून सुतार आणला होता. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात वहिनीनं एक चौकोन कापून घेतला होता, मांजरांना जायला-यायला. येता-जाता पाठी घासून त्याच्या कडा गुळगुळीत, तेलकट झाल्या होत्या. एका फटीत केसांचा पुंजका अडकलेला. सुतार पट्टी लावून म्हणाला, "ठोक दूँ, दीदी?"

"नाही," मी म्हटलं, आणि गुडघे दुखत असूनही दाराशी जमिनीवर बसले.

"आत्या, साँप-बिच्छू आ जाएँगे," भाचा म्हणाला.

"येऊ दे. जो भाडेकरू येईल त्याला सांग, हे असंच राहील. चालत नसेल तर दुसरं घर पाहा म्हणावं. आणि तुझ्या वडिलांनाही सांग, मी सांगितलं म्हणून."

सुतारानं भाच्याकडे पाहिलं, पट्टी उचलली आणि दोघं पुढच्या खोलीत गेले. मी तिथंच बसून राहिले. थोड्या वेळानं त्या चौकोनातून आधी मिशा आल्या, मग डोकं. मला पाहून ते मांजर थबकलं... मग आत आलं.