फोर-के आणि नायनांची नऊ पावलं

हैदराबादच्या गाडीत बसलो त्या सकाळी इतरांचे वडील खिडकीची दांडी धरून उभे होते आणि माझे मागे मागे सरकत होते. नायना म्हणजे माझे वडील. आम्ही सोलापूरचे तेलुगू, आमच्या घरात वडिलांना तसंच म्हणतात. एकेक पाऊल मागे टाकत ते स्टँडवरच्या रसवंतीपाशी पोचले आणि तिथून माझ्याकडे बघत राहिले. अम्मा शेंगाचटणीचा डबा खिडकीतून आत कोंबत होती, पोचल्यावर फोन कर म्हणून तिसऱ्यांदा बजावत होती. मला नायनांचा असा राग आला म्हणता! पोरगा गाव सोडून चाललाय आणि हा माणूस लांब जाऊन उभा राहतो.

खरं तर मला कळायला हवं होतं. नायनांचा सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेला. ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, मग मागावर मोर नाहीतर फूल उठायचं. कागद भरला की ते तो भिंतीला लावत आणि मागे सरकत जात. चौकोन दिसेनासे होऊन नुसतं फूल दिसलं की थांबत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण कामाचं बोलणं ते मराठीतच करत, कारण काम ते मराठीतच शिकले होते. "जवळनं बघितलं की आपली मेहनत दिसते. लांबनं बघितलं की फूल दिसतं. गिऱ्हाईक लांबनं बघतंय." हे मी लहानपणी इतकं ऐकलंय की त्याचा कंटाळा यायचा.

चित्रं काढायचा नाद मला त्यांच्याच मांडीवर लागला. हैदराबादेत ॲनिमेशनच्या स्टुडिओत लागलो, तर तिथले लोक माझ्या सोलापुरी तेलुगूला हसायचे. मग मी कमी बोलायला लागलो आणि इंग्रजी शब्द जास्त पेरायला लागलो. रेंडर, फ्रेम, पिक्सेल, फोर-के. रोज संध्याकाळी नायनांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न एकच, "आज काय काढलास?" मी सांगायचो. कधी सशाचे कान, कधी नुसता धूर. ते मन लावून ऐकायचे.

एका सिनेमाच्या शेवटी माझं नाव आलं, त्या दिवाळीला मी घरी भलामोठा फोर-के टीव्ही नेला. जुना टीव्ही धडधाकट होता, तो मामांना द्यायचं ठरलं. द्यायच्या आधी मला हुक्की आली. मामा-मामी आणि शेजारची दोन माणसं फराळाला आली होती. मी दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी मांडले, दोन्हींवर आमचाच सिनेमा लावला आणि भाषण ठोकलं. चौपट पिक्सेल, पानापानाची शीर दिसते, हे बघितल्यावर जुन्याकडं बघवणार नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होतो.

नायना उठले. आधी नव्या टीव्हीला नाक लावून बघितलं, मग जुन्याला. मग मागे सरकायला लागले. आमची खोली ती केवढी! नऊ पावलांत पाठ दाराला लागली. तिथून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लाल रंग लई झकास आलाय नव्यात. पण बारकावा हितनं दोन्हीकडं सारखाच की. ह्या चित्राला एवढे चौकोन लागतच नाहीत."

मामा खो खो हसले. झालं, माझं डोकं फिरलं. "जन्मभर चादरीचे चौकोन मोजलेत तुम्ही. ह्यातलं तुम्हाला काय कळतंय?" असं मी म्हणालो. बापाला, चार माणसांत, त्यांच्याच घरात.

नायना जाऊन खाटेवर बसले, चिवड्याची बशी हातात घेतली, खाल्लं मात्र काहीच नाही. अम्मानं आवाज कमी कर म्हणून सांगितलं. टीव्हीचा की माझा, ते तिनं सांगितलं नाही.

आता लाज कशाची वाटते ते सांगतो. मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. पण तो सिनेमा आम्ही काढलाच होता लहान मापात. मोठ्या मापात रेंडर करायला, म्हणजे मशीनकडून एकेक चित्र पक्कं करून घ्यायला, वेळ परवडत नाही, म्हणून शेवटी मशीननं ताणून त्याला फोर-के केलं होतं. सपाट रंगाच्या, ठसठशीत रेषेच्या चित्रात ताणून नवं काही येत नाही. नव्या टीव्हीत खरं काही सुधारलं असेल तर ते रंग, आणि नायना तेच आधी बोलले होते. स्टुडिओतल्या पोरांना जे मी चहा पिताना हसत सांगायचो, तेच त्यांनी नऊ पावलं मागे जाऊन स्वतः ओळखलं. आणि मी त्यांना अडाणी ठरवलं.

त्यानंतर फोन रोज यायचा, पण "आज काय काढलास" बंद झालं. जेवलास का, पाऊस आहे का, ठेवतो. माझ्यासारखे जे गाव सोडून गेलेत त्यांना हे कळेल. एक प्रश्न कमी झाला की शंभर मैलांचे हजार होतात. मी मात्र त्यावर दीड वर्ष गप्प बसलो. कोडगेपणा, दुसरं काय!

मागच्या महिन्यात घरी गेलो, तर टीव्हीवर त्यांच्याच नक्षीची चादर पांघरलेली. धूळ बसू नये म्हणून, असं अम्मा म्हणाली. मी नायनांच्या शेजारी खाटेवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चित्र ताणलेलं होतं, तुमचं बरोबर होतं, मला तेव्हाही माहीत होतं.

ते खाली बघत म्हणाले, "माझंच चुकलं रे. तुझ्या पोटापाण्याचं काम ते. चार लोकांत बोलायला नको होतं मी." दीड वर्ष हा माणूस मनातल्या मनात माझी माफी मागत होता.

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी खोलीचं वर्णन करायचो. आता वाटतं, माझं काम जिथं जेवढं खरं तेवढंच मोजलं जातं, ते घर. तिथं तोंड दाखवायला लाज वाटते, तरी जावं लागतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी न विचारताच सांगितलं, की सध्या एका मुलीची वेणी काढतोय, पळताना उडणारी, चार दिवस झाले, जमत नाही.

नायनांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"लांबनं बघितलास का?"

नव्हतं बघितलं.