पॅनलवर एक ओरखडा

जव्हारच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘कुलूपसर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. अपमान वाटत नसे, बहुधा पदवीच वाटत असावी. प्रयोगशाळेतली तिन्ही कपाटं कायम बंद. मी तिथली सहायक. उपकरणं मुलांच्या हातात देणं हे माझं काम. प्रत्यक्षात मी कपाटांच्या काचा पुसायची. ‘वापरलं की बिघडतं, बाई,’ एवढंच सरांचं विज्ञान.

तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक विषय आले. सरांनी वर्गात यादी वाचली आणि म्हणाले, ‘चार पर्याय आहेत. आपल्याकडे सौरऊर्जा आहे. निवडा.’ मुलांनी निवडलं. सौरऊर्जाच का, तर तिचा अभ्यासक्रम सगळ्यांत कमी पानांचा. त्यासाठी वहीएवढं एक पॅनल आलं. सरांनी त्यावर नंबर चिकटवला, डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे उपकरणांच्या नोंदवहीत, नोंद केली आणि ते कपाटात ठेवलं, जिथे ऊन म्हणून कधी पोचत नाही. फळ्यावर सूर्य मात्र कंपास लावून काढायचे.

एक मात्र मान्य करते, या माणसाने तास कधी बुडवला नाही. मोखाड्याकडची जीप घाटात बंद पडली की बाकं रिकामी असायची. सर ठरल्या वेळी रिकाम्या बाकांना शिकवायला लागत. मुलं अर्ध्या तासाने धापा टाकत आली, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याच विनोदासकट, जो पहिल्यांदाही हसण्यासारखा नव्हता.

त्याच वर्गातली यमुना मोखाड्याकडच्या पोशेऱ्याची. घरचे मजुरीवर जगणारे. सौरऊर्जेच्या प्रकल्पात नापास म्हणजे विषयात नापास, आणि पदवी अडली तर घरचे तिला आपल्याबरोबर भिवंडीकडे कामाला नेणार होते. हे तिने मला न रडता सांगितलं, म्हणून मी ऐकून घेतलं. तिला दिवसभरात पॅनल किती वीज देतं ते मोजायचं होतं.

‘मोजायचं कशाला?’ सर म्हणाले. ‘पुस्तकातला आलेख उतरव. परीक्षक तोच शोधतात.’

‘सर, पुस्तकात सहापर्यंत ऊन आहे. आमच्या पाड्यावर तीनलाच डोंगराची सावली येते.’

‘मग पुस्तकातला पाडा घे.’

कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असते. त्या शनिवारी मी मागितली आणि मिळाली. इतक्या वर्षांत ती कोणी मागितलीच नव्हती, मीसुद्धा. यमुनाने पॅनल आणि मीटर ओढणीत गुंडाळून नेलं. रविवारी दर तासाला आकडे घेतले आणि सोमवारी परत आणलं. पॅनलवर एक ओरखडा होता.

सरांनी तो लगेच पाहिला. मला वाटलं, आता मेमो. त्यांनी तिची वही उघडली.

‘तीननंतर काय झालं?’

‘डोंगर, सर.’

‘हं,’ म्हणाले आणि कपाट बंद केलं.

परीक्षक शहरातून आले होते. यमुनाचा आलेख बघून हसले. ‘हा चुकलाय. तुमच्याकडे सूर्य तीनला मावळतो का?’

यमुनाचे हात टेबलाखाली गेले. मी तोंड उघडणार, इतक्यात दारातून सरांचा आवाज आला. ‘साहेब, तिथे डोंगर आहे. हवं तर जीप बोलावतो, बघून या.’

साहेबांना परतीची गाडी गाठायची होती. यमुना पास झाली.

सर या मे महिन्यात निवृत्त झाले. सगळी उपकरणं नगाला नग जुळली. त्यातली निम्मी चालत नव्हती. किल्ल्या देताना म्हणाले, ‘बाई, आता मोडतोड होणार.’

‘होऊ दे,’ मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

ते गेल्यावर मी रजिस्टर चाळलं. पानामागून पान शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: ‘उत्तम’. पॅनलसमोर मात्र त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: ‘ओरखडा एक. वापरामुळे.’

सबंध रजिस्टरात ‘वापर’ हा शब्द फक्त तिथेच आहे.